डोळ्यातलं पाणी, बंद नळी आणि डीसीआर : बाहेरून की दुर्बिणीतून?

मेघना_सांगली

नमस्कार मंडळी. आईचं (वय ६६) उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच्या तपासणीत डॉक्टरांनी पापणीच्या कोपऱ्याजवळच्या बारीक छिद्रातून सलाईन सोडून बघितलं. ते घशात उतरायला हवं होतं, पण वरच्या छिद्रातून पू मिसळून परत आलं. अश्रूंची नळी बंद आहे, पिशवीत जुना जंतुसंसर्ग आहे, मोतीबिंदू नंतर बघू, आधी डीसीआर (अश्रुपिशवीतून नाकात नवा रस्ता करून द्यायचं ऑपरेशन) करून घ्या, असं सांगितलं.

आमच्या नेत्रतज्ज्ञांचं म्हणणं, बाहेरून छोटा छेद घेऊन करू. ओळखीतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सांगितलं, नाकातून दुर्बिणीने करा, चेहऱ्यावर व्रण कशाला? दोघेही आपापल्या जागी चांगले आहेत, त्यामुळे आमचाच गोंधळ झालाय. आईचं एकच पालुपद : "डोळ्यातून पाणी येतं म्हणून नाकाचं हाड कोण फोडून घेतं का?" तिचा डोळा कित्येक वर्षं गळतोय. पदराने पुसायचं आणि कामाला लागायचं, हे तिला इतकं अंगवळणी पडलंय की तो आजार आहे हेच तिला पटत नाही.

तिची अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. ज्यांनी स्वतः किंवा घरच्यांनी हे ऑपरेशन करून घेतलंय त्यांनी कृपया अनुभव लिहा. आणि एक : मोतीबिंदू आधी उरकून हे नंतर केलं तर चालणार नाही का?

गोदाकाठची_रेवती

माझ्या सासूबाईंचं बाहेरून झालंय, नाशिकला. फक्त ती बाजू बधिर करून. नाकाच्या कडेला, चष्म्याची पट्टी टेकते त्याच्या जरा खाली, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा छेद होता. पहिल्या रात्री नाकातून रक्ताचे थेंब येत होते, डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं, त्यामुळे बघायला आलेली माणसं घाबरत होती. आठवड्याने टाके काढले. आज व्रण दाखवा म्हटलं तर त्यांना स्वतःलाच शोधावा लागतो. त्या वयात सुरकुत्यांमध्ये तो मिसळून जातो. काळजी करू नकोस ग.

डॉ_नेत्राली

मेघना, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. मोतीबिंदू आधी अजिबात नको.

आपले अश्रू वरच्या पापणीमागच्या ग्रंथीत तयार होतात, डोळ्यावर पसरतात आणि वर-खाली असलेल्या दोन बारीक छिद्रांतून नाकाकडे ओढले जातात. तिथून साधारण सेंटिमीटरभर लांबीच्या बारीक नलिका, मग अश्रुपिशवी, आणि पिशवीतून हाडाच्या बोगद्यातून नाकात उतरणारी नळी. रडताना नाक वाहतं ते याचमुळे. ही शेवटची नळी बंद झाली की पिशवीत पाणी साचतं, मोरी तुंबावी तसं, आणि साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. म्हणजे डोळ्याच्या अगदी शेजारी पुवाची पिशवी. अशा वेळी मोतीबिंदूसाठी डोळा उघडला तर तेच जंतू आत शिरू शकतात. डोळ्याच्या आत संसर्ग झाला तर नजर कायमची जाऊ शकते. म्हणून आपल्याकडे मोतीबिंदूआधी सिरिंजिंग, म्हणजे आईंचं केलं तसं सलाईन सोडून नळी तपासण्याची पद्धत आहे. आईच्या डॉक्टरांनी वेळेवर पकडलं, हे फार चांगलं झालं.

आता आईंच्या हाडाच्या प्रश्नाबद्दल. मोठ्या माणसांत ती नळी हाडाच्या आतच आकसून घट्ट झालेली असते. तार घालून मोकळी केली तरी बहुधा पुन्हा बंद होते. म्हणून तिचा नाद सोडून नवा रस्ता करायचा. पिशवी आणि नाक यांच्यामध्ये जे पातळ हाड असतं, त्यात साधारण एक ते दीड सेंटिमीटरची खिडकी करायची आणि पिशवीचं अस्तर नाकाच्या अस्तराला जोडून द्यायचं. नाक मोडत नाही, चेहऱ्याची ठेवण बदलत नाही. आईंना हे असंच सांगा.

इटलीतल्या टोटी यांनी १९०४ मध्ये बाहेरून करायची ही पद्धत मांडली. नाकातून करण्याचा प्रयत्न त्याहीआधी, १८९३ मध्ये अमेरिकेत कॅल्डवेल यांनी केला होता, पण तेव्हा नाकात आत नीट दिसायची सोय नव्हती. दुर्बिणी चांगल्या झाल्यावर १९८९ पासून आजची एंडोस्कोपिक पद्धत रुजली. दोन्हींचं यश आता अनुभवी हातात ९०% च्या आसपास आहे. त्यामुळे ज्याचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे, त्याच्याकडून ती पद्धत करून घ्यावी, हे माझं स्पष्ट मत.

जळगावचा_भाऊ

डॉक्टरताई, मान ठेवून विचारतो. ६६ व्या वर्षी एवढं करायची खरंच गरज आहे का? आमच्या आजीचा डोळा पण गळायचा, ऐंशी वर्षं जगली. थेंब टाकायची, संपलं. हल्ली काही झालं की ऑपरेशन.

डॉ_नेत्राली

@जळगावचा_भाऊ, प्रश्न रास्त आहे. नुसतं पाणी येतंय, पू नाही, सूज नाही, दुसरं ऑपरेशन करायचं नाही आणि माणसाला त्रास वाटत नाही, तर थांबायला हरकत नाही. डोळा गळणाऱ्या प्रत्येकाची नळी बंद असते असंही नाही. डोळा कोरडा पडला तरी जळजळ होऊन पाणी येतं, खालची पापणी सैल होऊन बाहेर वळली तरी येतं. म्हणून आधी तपासणी.

पण मेघनाच्या आईंच्या पिशवीत पू आहे आणि मोतीबिंदू करायचा आहे. थेंबांनी डोळा तेवढ्यापुरता स्वच्छ राहतो, रस्ता मोकळा होत नाही. आणि हीच पिशवी एखाद्या दिवशी भडकली की डोळ्याच्या कोपऱ्याखाली लालबुंद, ठणकणारी गाठ येते, ताप येतो. ती फुटली की गालावर भोक पडतं आणि तिथून पाणी वाहत राहतं. गावाकडे याला नासूर म्हणतात. असे पेशंट आजही येतात.

जळगावचा_भाऊ

आजीच्या डोळ्याखाली तशी खूण होती. लहानपणी विचारलं की "फोड झाला होता" म्हणायची. आता कळलं. धन्यवाद.

नाकातला_दुर्बीणवाला

मी कान-नाक-घसा बघतो, त्यामुळे आमची बाजू मांडणारच. :)

दुर्बिणीच्या पद्धतीत कातडीवर छेद नाही. पापणी मिटताना जो स्नायू पिशवीला दाबून पाणी पुढे ढकलतो त्याला धक्का लागत नाही. नाकाचा पडदा वाकडा असेल तर त्याच वेळी सरळ करता येतो. पिशवीत गळू झालेलं असतानाही अनुभवी सर्जन आतून मार्ग काढून देऊ शकतो, भडकलेल्या कातडीवर हात न लावता.

पण मेघनाताईंच्या आईच्या बाबतीत मी नेत्रतज्ज्ञांच्या बाजूने आहे. दुर्बिणीचं काम बहुतेक ठिकाणी पूर्ण भूल देऊन होतं, बाहेरचं तेवढ्या जागेला बधिर करून सहज होतं. हृदयाच्या पेशंटला तो फायदा आहे. बाहेरून रक्तस्राव डोळ्यांसमोर असतो, थांबवणं सोपं जातं. शिवाय पिशवीत काही वेगळं वाढल्याची शंका असेल तर उघडून बघता येतं, तुकडा तपासायला पाठवता येतो.

रक्ताळलेलं पाणी येत असेल, किंवा कोपऱ्यातली गाठ डोळ्याच्या आतल्या टोकाच्या रेषेच्या वर सरकलेली असेल, तर आधी सीटी स्कॅन करूनच पुढे जावं. हे सगळ्यांसाठी लिहितोय.

प्राची_म्युनिक

माझं दुर्बिणीतून झालंय, इथे जर्मनीत. वय ४३. थंडीत बाहेर पडलं की डाव्या डोळ्यातून धार लागायची, ट्राममधली माणसं मला रुमाल द्यायची, काही दुःख आहे का विचारायची. शेवटी एका शेजारीण आजींनी डॉक्टरांकडे धाडलं.

नळी बंद असल्याचं निघालं. बायकांमध्ये हे जास्त दिसतं, हाडाचा बोगदाच आपल्यात अरुंद असतो, असं डॉक्टर म्हणाले. पूर्ण भूल, रात्रभर दवाखान्यात. दुखणं म्हणाल तर अक्कलदाढ काढताना जास्त दुखलं होतं. नाक चोंदलेलं आणि तोंडाने श्वास, हा मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांचा खरा त्रास. नवा रस्ता बुजू नये म्हणून सिलिकॉनची केसाएवढी नळी घातली होती. डोळ्याच्या कोपऱ्यात तिचा बारीक फास दिसतो. चोळायचा नाही, ओढायचा नाही. अडीच महिन्यांनी काढली, ते दोन मिनिटांचं काम.

एक गंमत कुणी आधी सांगितली नव्हती : आता नाक शिंकरलं की डोळ्यातून हवा येते! रस्ता सरळ झालाय ना. पहिल्यांदा दचकले. डॉक्टर हसले, म्हणाले, ही तर ऑपरेशन चाललं असल्याची पावती.

मिरजेचा_सतार

डोळ्यातून हवा! आमच्याकडे फुंकून वाजवायच्या वाद्यांची कमतरता आहेच, या प्राचीताई.

प्राची_म्युनिक

@मिरजेचा_सतार, सूर लागला की कळवते. :)

नवी_आई_ठाणे

इथेच विचारू का? माझं बाळ चार महिन्यांचं आहे. जन्मल्यापासून एका डोळ्यात चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. सासूबाई म्हणतात अंगावरचं दूध घाल डोळ्यात आणि काजळ लाव. बालरोगतज्ज्ञ म्हणाले मालिश करा, बाकी काही नको. त्यालाही हे ऑपरेशन लागेल का?

डॉ_नेत्राली

नाही ग, घाबरू नकोस. बाळांमध्ये नळीच्या नाकातल्या टोकावर एक पातळ पडदा असतो, तो जन्मानंतर उघडायचा राहून जातो. दहापैकी नऊ बाळांचा तो वर्षभरात आपोआप उघडतो. मालिश मात्र नीट हवी. डॉक्टरांनी सांगितली म्हणून बरेच जण गालावरून नुसतं बोट फिरवतात. नखं कापलेली, हात धुतलेले. करंगळी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडाला टेकवून, जरा दाब द्यायचा आणि तसाच दाब ठेवून नाकाच्या कडेने खाली यायचं. एका वेळी पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. दूध पाजताना सोयीचं पडतं. त्या दाबाने आतलं पाणी पडद्यावर आदळतं आणि तो उघडायला मदत होते.

दूध घालू नकोस. त्यात साखर असते, जंतूंना खाऊ मिळतो. काजळही नको. सासूबाईंना काजळ लावायचंच असेल तर तळपायाला तीट लावू देत, त्यांचंही मन राखलं जाईल.

वर्षानंतरही राहिलं तर थोडी भूल देऊन बारीक सळई घालून पडदा उघडतात. त्याला प्रोबिंग म्हणतात, छेद नसतो. त्या वयात बहुतेकांचं एकदाच करून भागतं. फार उशीर करू नये, मूल मोठं होईल तसं यश कमी होत जातं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेव, आणि ही आईबाबांनी सगळ्यांनीच वाचा. बाळाला उजेड सहन होत नसेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल आणि पाणी येत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. तिथे मालिश करत दिवस घालवायचे नाहीत. आणि नवजात बाळाच्या डोळ्याच्या कोपऱ्याखाली निळसर फुगा दिसला तर लगेच दाखवायचं, कधी कधी तो नाकात शिरून श्वास अडवतो.

नवी_आई_ठाणे

उजेडाचा त्रास नाही, बुबुळंही दोन्ही सारखीच आहेत. मी खरंच गालावरूनच बोट फिरवत होते. खूप आभार डॉक्टर. तळपायाच्या तीटेवर सासूबाई राजी आहेत.

आजोबा_रत्नागिरी

आमच्या मुलाला लहानपणी असंच होतं. आमच्या मातोश्रींनी रोज अशीच कोपऱ्यात बोट दाबून मालिश केली आणि बरं झालं. त्या काळी हे कुणी शिकवलं असेल? जुन्या बायकांच्या हातात शहाणपण होतं.

डॉ_नेत्राली

@आजोबा, नक्कीच होतं. आणि हीच मालिश १९२३ मध्ये क्रिग्लर यांनी वैद्यकीय नियतकालिकात मांडली, आजही पहिला उपाय तोच आहे.

झाडीपट्टी

आमच्या भंडारा-गोंदियाकडचा एक वेगळा प्रकार सांगतो. माझ्या मामेभावाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात मऊ गाठ आली, पाणी यायचं आणि मधूनमधून रक्त. नळी बंद असेल म्हणून डीसीआर ठरत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला : तळ्यात आंघोळ करता का? तो तर जन्मापासून तळ्यातच पोहलेला. पिशवीत राइनोस्पोरिडिओसिस निघालं, म्हणजे नाकात-डोळ्यात मस वाढवणारा एक संसर्ग. आमच्या पलीकडे छत्तीसगडातही हे बऱ्यापैकी आढळतं. साचलेल्या पाण्याशी, ढोरं धुतात त्या तळ्यांशी त्याचा संबंध. तिथे डीसीआर केली नाही, पिशवीच पूर्ण काढली, कारण नाकात रस्ता करून दिला तर ते तिथेही पसरायची भीती. आता डोळ्यातून थोडं पाणी येतं, पण गाठ परत आली नाही. नाकातून मस किंवा डोळ्यातून रक्त येत असेल तर तळ्याची गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगा, शहरातल्या डॉक्टरला ती सुचेलच असं नाही.

नाकातला_दुर्बीणवाला

@झाडीपट्टी, उत्तम मुद्दा. आम्ही नाकातला हा मस नेहमी बघतो, स्ट्रॉबेरीसारखा दिसतो. तळ खरवडून जाळावं लागतं, नाहीतर पुन्हा येतो.

संजीवनी_पुणे

मी स्तनाच्या कर्करोगाची केमो घेतली, डोसीटॅक्सेल. काही आठवड्यांनी दोन्ही डोळे गळायला लागले. केमोमध्ये इतकं काही चालू असतं की डोळ्यांच्या पाण्याबद्दल बोलावंसं वाटत नाही, घरच्यांना वाटतं ही रडतेय. मी सांगितलं ते बरं झालं, कारण या औषधाने पापणीपासून पिशवीकडे जाणाऱ्या बारीक नलिकाच आकसतात. लवकर समजलं म्हणून सिलिकॉनच्या नळ्या घालून त्या उघड्या ठेवता आल्या. उशीर झाला असता तर साधं डीसीआर पुरलं नसतं, काचेची छोटी नळी कायमची बसवावी लागली असती. कुणाच्या घरी ही केमो चालू असेल तर डोळे गळू लागल्याबरोबर ऑन्कोलॉजिस्टना सांगा.

गोदाकाठची_रेवती

संजीवनीताई, हे तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. माझ्या बहिणीला आत्ताच पाठवते. काळजी घ्या.

नांदेडकर

बाबांचं पहिलं ऑपरेशन एका ठिकाणी झालं आणि सहा-आठ महिन्यांत पुन्हा गळायला लागलं. हाडातली खिडकी लहान राहिली होती आणि मांस वाढून बुजली. आम्ही निराश झालो होतो. नांदेडहून हैदराबाद जवळ, म्हणून एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत गेलो. तिथे अश्रुमार्गाच्या आजारांसाठी वेगळा विभागच आहे. दुर्बिणीने पुन्हा केलं, नळी घातली, आता कोरडं आहे. एकदा फसलं म्हणजे संपलं असं नाही, एवढंच सांगायचं होतं.

आणि खर्चाची अडचण असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात विचारा, डीसीआर तिथे नेहमीचं काम आहे. महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का ते तो बघून सांगतो. शिधापत्रिका बरोबर न्या.

जळगावचा_भाऊ

लेझरने करतात असं ऐकलं. हाड वगैरे काही नाही, चटकन घरी. ते का नाही?

नाकातला_दुर्बीणवाला

लेझरने पाडलेलं भोक लहान असतं आणि जळालेल्या कडा आकसतात. यश बाकी दोन्ही पद्धतींपेक्षा कमी. रक्तस्राव कमी होतो म्हणून निवडक पेशंटमध्ये विचार करतात, पण "लेझर म्हणजे आधुनिक" एवढ्यावर निवडू नका.

मेघना_सांगली

सगळे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. "नाक मोडत नाही" हे दोनदा वाचायला लावलं. प्राचीताईंच्या डोळ्यातल्या हवेवर तर तिने शेजारच्या काकूंनाही बोलावून आणलं. बाहेरून करायचं ठरतंय, फक्त ती बाजू बधिर करून.

आता गोळीचं. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन, दोन्ही चालू आहेत. स्टेंट टाकून वर्ष व्हायचंय. नातेवाईक म्हणतात आठवडाभर आधी बंद करून टाक.

डॉ_नेत्राली

मेघना, स्वतःच्या मनाने एक गोळीसुद्धा बंद करायची नाही. नवा स्टेंट असताना ती बंद केली तर आत गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. नाकातून थोडं जास्त रक्त येणं परवडलं. आधी हृदयतज्ज्ञांकडे जा आणि त्यांचं लेखी मत नेत्रतज्ज्ञांना दे. वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबा असं ते म्हणू शकतात, आणि डीसीआर थांबू शकते. तोवर कोपरा दाबून पू काढून टाकणं आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब.

थांबणं शक्य नसेल, मोतीबिंदू फार पिकला असेल, तर आणखी एक पर्याय विचार : नुसती पिशवी काढून टाकणं, झाडीपट्टींच्या भावाची काढली तशी. छोटं ऑपरेशन, हाडाला हात लावावा लागत नाही, रक्त कमी. जंतूंचं घर जातं, मोतीबिंदू सुरक्षितपणे करता येतो. पाणी मात्र गळत राहील. आईंना पाण्याचं काहीच वाटत नसेल तर हा पर्याय वाईट नाही. डीसीआर झाली तर मोतीबिंदूला साधारण महिना-दीड महिना मध्ये जाऊ देतात, नळी धुऊन खात्री करून मग तारीख.

मेघना_सांगली

हा पर्याय आम्हाला कुणीच सांगितला नव्हता. सोमवारी हृदयतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, त्यानंतर नेत्रतज्ज्ञांशी पिशवीबद्दल बोलते.

गोदाकाठची_रेवती

ऑपरेशननंतरचं घरचं सांगते. पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. उशा दोन. चहा कोमट, पहिले काही दिवस गरम वाफाळतं काही नको. वाकून केर काढणं, घागर उचलणं बंद. सासूबाईंना सगळ्यात जड गेलं ते फोडणीपासून लांब राहणं, मिरचीच्या ठसक्याने शिंका येतात म्हणून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं होतं.

मेघना_सांगली

रेवती, एक राहिलं. आई तपकीर ओढते. तिने मला इथे लिहायला मनाई केली होती.

नाकातला_दुर्बीणवाला

तपकीर आजपासून बंद. ऑपरेशननंतर नाही, आजपासून. ती थेट त्याच जागी जाऊन बसते जिथे खिडकी करायची आहे, अस्तर सुजलेलं राहतं, रक्त जास्त येतं आणि जखम भरत नाही. सर्जनना स्पष्ट सांगा, लपवू नका.

मेघना_सांगली

वाचून दाखवलं. डबी माझ्याकडे दिली आहे, दुसरी कुठे आहे ते विचारतेय.